आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएनए पॉझिटिव्ह : पाठीच्या दुखण्यात अँटिबॉडींचं किती ऐकायचं?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाचं आहे हे इतरांनाही कळेल.

तुमचा भाऊ २६ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. दोनेक वर्षं कंबर दुखते. पहाटे दुखण्यानं जाग येते, उठल्यावर तासभर तरी पाठ आखडलेली असते आणि कामाला लागला की मोकळी होते. पहिल्यांदा आरए फॅक्टर (आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, पुष्कळदा सापडणारी अँटिबॉडी) केला तो निगेटिव्ह आला, म्हणून ‘संधिवात नाही’ असं सांगून गोळ्या आणि कमरेचा पट्टा दिला गेला. पुढे एकांनी एचएलए-बी२७ (एक जन्मजात खूण) करायला लावलं, ते पॉझिटिव्ह निघालं. मग तुम्हीच लॅबचं ‘संधिवात पॅकेज’ करून घेतलंत. त्यात अँटी-सीसीपी (आमवाताचीच आणखी एक अँटिबॉडी) निगेटिव्ह, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) १८ आणि एएनए (आपल्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड म्हणजे ठिपक्यांचा नमुना. नात्यातल्या कुणीतरी मोबाइलवर बघून ‘हा ल्युपस असतो’ म्हटलं (ल्युपस म्हणजे अँटिबॉडी स्वतःच्याच अवयवांवर उलटतात तो आजार) आणि घरादाराची झोप उडाली. आता तुम्ही विचारताय की आजार एक आहे की दोन, आरए फॅक्टर निगेटिव्ह असताना संधिवात कसा, एएनए दर महिन्याला बघायचा का, पांढरा रस्सा बंद करायचा का, आणि त्याच्यासाठी स्थळं बघत होतात ते थांबवायचं का.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं संधिवाताचेच रुग्ण पाहते. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे इथे बसून निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं म्हणता येईल: आजार बहुधा एकच आहे. मणक्याचा दाहक संधिवात, ज्याला आम्ही अ‍ॅक्सिअल स्पाँडिलोआर्थ्रायटिस म्हणतो. पुढे वाढलेल्या अवस्थेचं जुनं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. १:८० च्या एएनएनं ल्युपस ठरत नाही. आणि या आजारात आरए फॅक्टर निगेटिव्हच यायचा, त्यात नवल काही नाही.

तुमच्या घरात घोळ झाला तो वेगळ्याच ठिकाणी. पहाटेचं दुखणं, आखडलेली पाठ, हालचालीनं येणारा आराम ही माहिती तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. निर्णय मात्र दर वेळी अँटिबॉडीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनं बनवलेल्या प्रथिनांच्या, रिपोर्टवर सोपवला गेला. एक निगेटिव्ह आली तेव्हा आजारच नाही असं झालं, दुसरी पॉझिटिव्ह आली तेव्हा आजार दुप्पट झाला. या आजारात अँटिबॉडींना तेवढा अधिकार नाही. का नाही, ते जरा तपशिलात सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच खर्च आणि रात्रीची जागरणं वाचतात.

थोडा इतिहास. आरए फॅक्टर ही अँटिबॉडी १९४० मध्ये नॉर्वेत एरिक वालर यांनी टिपली आणि १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ यांनी ती पुन्हा दाखवली. हातापायांचे सांधे सुजणाऱ्या बऱ्याच रुग्णांत ती सापडायची. मणका धरणाऱ्या रुग्णांत मात्र सापडत नव्हती. तेव्हा लक्षात यायला लागलं की हे कुटुंबच निराळं आहे. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सचे जॉन मॉल, व्हर्ना राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, सोरायसिसचा संधिवात, आतड्याच्या दाहाबरोबरचा संधिवात असे आजार एकत्र मांडले. आरए फॅक्टर नसणं हे त्यांच्यातलं एक सामाईक लक्षण होतं. म्हणजे तुमच्या भावाला ज्या रिपोर्टवरून ‘संधिवात नाही’ म्हटलं गेलं, तो रिपोर्ट या गटातल्या आजारांची ओळख म्हणून पन्नास वर्षं पुस्तकांत छापलेला आहे.

एचएलए-बी२७ चा संबंध त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला होता. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. लॅबच्या कागदावर बी२७ हे आरए फॅक्टर आणि एएनएच्या खालीच छापलेलं असतं, त्यामुळे लोकांना तीही अँटिबॉडीच वाटते. ती अँटिबॉडी नाही. रक्तगट जसा जन्माला येताना ठरतो आणि मरेपर्यंत तोच राहतो, तसं बी२७ आहे. ते वाढत नाही, कमी होत नाही, औषधानं जात नाही, आणि पुन्हा तपासायचंही नसतं. ‘डॉक्टर, बी२७ अजून निगेटिव्ह झालं नाही’ म्हणून हताश झालेले लोक माझ्याकडे येतात. ते होणारच नाही आणि व्हायची गरजही नाही. युरोपात साधारण ८ टक्के लोकांत बी२७ असतं आणि असे शंभर लोक घेतले तर त्यातल्या पंचाण्णवांच्या आसपास लोकांना हा आजार आयुष्यात कधी होत नाही. उलट आजार झालेल्यांत पाहिलं तर बहुसंख्य बी२७ वाले निघतात. म्हणून दुखण्याची कहाणी जुळत असेल तेव्हाच त्या पॉझिटिव्हला वजन येतं. तुमच्या भावाच्या बाबतीत ती जुळते.

मग या आजारात अँटिबॉडी इतक्या दुय्यम का? ल्युपसमध्ये अँटिबॉडी स्वतः नुकसान करते. याचा सगळ्यात स्पष्ट दाखला म्हणजे आईच्या रक्तातली रो नावाची अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके अडवते. बाळाला ल्युपस नसतो, तरी इजा होते. मणक्याच्या या संधिवातात आईकडून बाळाला अँटिबॉडीमार्फत इजा होते असा प्रकारच नाही. दुसरा पुरावा औषधांचा. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी कमी करणारं रिटक्सिमॅब हे औषध आमवातात चांगलं चालतं. मणक्याच्या आजारात, विशेषतः आधी टीएनएफची इंजेक्शनं लागू न पडलेल्यांत, त्यानं जवळजवळ काही हाती लागलं नाही. चालतात ती टीएनएफ आणि आयएल-१७ या दाह पेटवणाऱ्या रसायनांना अडवणारी औषधं. कंडरा आणि अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे हा दाह सुरू होतो. म्हणून कमरेइतकीच टाचही दुखते, छातीच्या फासळ्याही दुखतात. याला ऑटोइम्यून (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) म्हणायचं की दाहाचा वेगळा आजार, यावर आमच्यातच अजून वाद चालतात. रुग्णाच्या दृष्टीनं त्या वादाला फारसा अर्थ नाही.

आता उलटी बाजू, कारण निगेटिव्हपेक्षा पॉझिटिव्ह आरए फॅक्टर जास्त गोंधळ घालतो. निरोगी माणसांतही साधारण ५ टक्क्यांत तो थोडाफार पॉझिटिव्ह येतो, वय वाढेल तसा जास्त. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, अशा कशातही येतो. इचलकरंजीकडचा एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला तेव्हा त्याची मान वळत नव्हती. बाजूला बघायचं तर तो अख्खा वळायचा. काही वर्षांपूर्वी आरए फॅक्टर जेमतेम पॉझिटिव्ह आला म्हणून त्याला कुठेतरी आमवाताचा शिक्का बसला होता आणि तेव्हापासून मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. मेथोट्रेक्सेट मणक्याच्या दाहावर काम करत नाही. हातापायाचे सांधे सुजले असतील तर सल्फासॅलॅझिनसारखी औषधं थोडी उपयोगी पडतात, निव्वळ मणका असेल तर नाही. स्टेरॉइडच्या रोजच्या गोळ्या तर या आजारात देऊच नयेत असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यानं पहिल्या भेटीत मला सांगितलेलं वाक्य असं होतं: ‘‘सकाळी उठताना पाठ लाकडागत हुतीया, पर मागावर उभारलो की सुटतीया.’’ निदान त्या वाक्यात होतं. (जाता जाता: गावोगावी ‘वाताची पुडी’ मिळते, तिनं दोन दिवसांत उड्या मारायला लागतो तो माणूस बहुतेक वेळा स्टेरॉइडवर उड्या मारत असतो. पुडी कुठलीही असो, भावाला देऊ नका.)

तुमची खरी भीती एएनएची आहे, म्हणून तिथे जरा थांबते. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी. १:८० चा अर्थ, रक्तद्रव ८० पट पातळ केला तरी ती चिकटलेली दिसली. जितकं जास्त पातळ करूनही दिसते, तितकं तिला महत्त्व. आता निरोगी माणसांत काय दिसतं ते बघा. १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी लोकांचं रक्त तपासलं होतं. १:४० ला जवळपास ३२ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० लाही ३ टक्के. त्या हिशेबानं कोल्हापूर-सांगली एसटीतल्या पन्नास धडधाकट प्रवाशांचं रक्त घेतलं, तर सहा-सात जणांच्या हातात तुमच्या भावासारखाच रिपोर्ट येईल. ते सगळे घरी जाऊन जेवतील, झोपतील आणि बहुधा त्यांच्यातल्या कुणालाही कधी ल्युपस होणार नाही. थायरॉइडचा आजार असलेल्यांत, वयस्क बायकांत, एखादा ताप येऊन गेल्यावरही एएनए पॉझिटिव्ह दिसतो. स्पेकल्ड हा तर सगळ्यात सर्रास दिसणारा नमुना. त्यातला दाट-बारीक ठिपक्यांचा एक प्रकार निरोगी माणसांतच जास्त सापडतो.

मग मी ल्युपसचा विचार कधी करते? उन्हात गेलं की गालावर चट्टे, तोंडात वारंवार फोड, केस पुंजक्यानं जाणं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, श्वास घेताना छातीत कळ, लघवीला फेस, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी होणं. यातलं काही असेल तर १:८० लाही मी गंभीरपणे घेते आणि पुढच्या तपासण्या करते. यातलं काहीच नसेल तर साधी लघवीची तपासणी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघून एएनएचा कागद फाइलच्या मागे लावते. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही, पण भावाला एकदा नीट विचारा. पुरुष स्वतःहून सांगत नाहीत. दोन्ही आजार एकाच माणसात असणं अशक्य नाही, फार विरळा आहे. आणि दर महिन्याला एएनए करण्याची अजिबात गरज नाही. आज १:८०, पुढे १:१६०, परत १:४० असं ते खालीवर होतच राहतं, आजार त्याच्याबरोबर खालीवर होत नाही.

तरी तो कागद टाकून देऊ नका. उद्या भावाला टीएनएफ अडवणारं इंजेक्शन लागलं, तर त्या औषधानं एएनए वाढू शकतं. या गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं, अ‍ॅडॅलिमुमॅबमध्येही, इटानर्सेप्टमध्ये कमी. काहींत डीएस-डीएनए ही ल्युपसमध्ये दिसणारी अँटिबॉडीही उगवते. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. अगदी थोड्यांना औषधामुळे ल्युपससारखी लक्षणं येतात आणि औषध थांबवल्यावर सहसा जातात. शिवाय इंजेक्शनआधी सुप्त क्षयरोग सापडला तर आयसोनियाझिड द्यावं लागतं, आणि तेही एएनए वाढवणारं औषध आहे. सल्फासॅलॅझिनही त्याच यादीत येतं. अशा वेळी ‘हे औषधानं आलं की आधीपासून होतं’ हा प्रश्न पडतो तेव्हा आजचा १:८० कामाला येतो. त्यामुळे त्यावर तारीख नीट आहे का बघा आणि जपून ठेवा.

इंजेक्शनांच्या बाबतीत आणखी एका अँटिबॉडीबद्दल माझ्याकडे विचारणा होते. ती शरीराविरुद्ध नसते, औषधाविरुद्ध असते. एखाद्याला अ‍ॅडॅलिमुमॅबनं वर्षभर झकास आराम पडतो आणि मग हळूहळू असर ओसरतो. पुष्कळदा शरीरानं त्या औषधालाच परकं ठरवून त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केलेली असते. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये मध्येच मोठे खंड पाडले की हे जास्त होतं आणि पुन्हा सुरू करताना अ‍ॅलर्जीची प्रतिक्रियाही येऊ शकते. आपल्याकडे पैशाची जुळवाजुळव झाली की एक डोस, नाही झाली की तीन महिने काही नाही, असं सर्रास चालतं. मी घरच्यांना आधीच विचारते की निदान सहा महिने न चुकता परवडेल का. नसेल परवडणार तर औषध निवडतानाच वेगळा विचार करता येतो. आणि एका औषधाविरुद्ध अँटिबॉडी झाली म्हणून सगळे मार्ग बंद होत नाहीत, दुसऱ्या औषधावर जाता येतं.

इंटरनेटवर ‘अँकिलोझिंगची नवी अँटिबॉडी’ म्हणून जे वाचायला मिळतं, त्याबद्दलही थोडं. सीडी७४ नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी जर्मनीत बरीच गाजली. पहिल्या अभ्यासांत वाटलं की निदानाची किल्लीच सापडली. पुढे पाठदुखीच्या सुरुवातीच्या रुग्णांत ती तपासली तेव्हा आजार असलेले आणि नसलेले यांच्यात फरक करायला ती तोकडी पडली. हाडाची वाढ आवरून धरणाऱ्या नॉगिन आणि स्क्लेरोस्टिन या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीही सापडल्या आहेत. मणके जुळत का जातात याचं उत्तर कदाचित तिकडे असेल, म्हणून संशोधक त्यांच्या मागे आहेत. लंडनचे अ‍ॅलन एब्रिंगर यांनी तर १९७० च्या दशकापासून आतड्यातल्या क्लेबसिएला जंतूविरुद्धच्या अँटिबॉडींवर पूर्ण सिद्धान्त उभा केला. पिष्टमय पदार्थ बंद करण्याचा आहार तिथूनच आला. यातलं काहीही आज तुमच्या भावाच्या उपचाराचा निर्णय बदलत नाही, म्हणून मी यातली एकही तपासणी करून घेत नाही. आतड्याच्या दाहात दिसणाऱ्या अँका आणि आस्का या अँटिबॉडींचंही तसंच. रुग्णाला आठवडेच्या आठवडे जुलाब होत असतील, शौचातून रक्त जात असेल, तर मी शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारी) तपासणी आणि गरज पडली तर कोलोनोस्कोपी सांगते.

मात्र एक अँटिबॉडी अशी आहे जी कोल्हापूर भागात मी मुद्दाम आठवणीनं विचारात घेते, आणि ती कुठल्याही संधिवात पॅकेजमध्ये नसते. ब्रुसेलाची. जनावरांत गर्भपात घडवणारा हा जंतू कच्च्या दुधातून माणसात येतो, आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना, व्यालेल्या म्हशीची वार हाताळणाऱ्यांना थेटही होतो. आपल्याकडे गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून धारोष्ण दूध पिण्याची हौस जुनी आहे, तालमीतल्या पोरांचा तर तो खुराकच. स्पाँडिलायटिस कमरेखालच्या ज्या सांध्यांना धरतो त्याच, म्हणजे सेक्रोइलिअ‍ॅक सांध्यांत ब्रुसेला जाऊन बसतो आणि स्पाँडिलायटिसची हुबेहूब नक्कल करतो. फरक असा की तो बहुधा एकाच बाजूला धरतो, दुखणं थोड्या दिवसांत वाढतं, आणि सोबत चढउतार करणारा ताप, दरदरून घाम, वजन उतरणं असतं. क्षयरोगही एका बाजूच्या सांध्यात असाच शिरतो. अशा वेळी ब्रुसेलाची अँटिबॉडी, म्हणजे अ‍ॅग्लुटिनेशन तपासणी, खरोखर निदान फिरवू शकते. उपचार निदान सहा आठवडे दोन अँटिबायोटिक्सचे. आणि चुकून स्पाँडिलायटिस समजून टीएनएफचं इंजेक्शन दिलं तर जंतूला रान मोकळं. तुमच्या भावाला ताप नाही, दोन वर्षांचं हळूहळू वाढलेलं दुखणं आहे, त्यामुळे याची शक्यता कमी वाटते. तरी घरी जनावरं आहेत का, कच्चं दूध पितो का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. दूध उकळून प्या, हे वेगळं सांगायला नको.

आता प्रत्यक्षात काय करायचं. संधिवाततज्ज्ञांकडे जा आणि पहिली दहा मिनिटं रिपोर्ट पिशवीतच राहू देत. भावालाच बोलू द्या. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं कमरेचं दुखणं, कधी सुरू झालं ते नेमकं सांगता न येणं, विश्रांतीनं न थांबणं, हालचालीनं हलकं होणं, रात्रीच्या उत्तरार्धात उठवणं, ढुंगणात आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला कळ, सकाळी टाच टेकवेना असं होणं, अंगावर किंवा डोक्यात सोरायसिसचे चट्टे, घरात कुणाला असाच आजार, आणि दाहशामक गोळी घेतली की एक-दोन दिवसांत पडणारा ठळक फरक. यातलं जितकं जुळेल तितकं निदान पक्कं होत जातं.

त्यानंतर एक्स-रे, आणि त्यात काही दिसलं नाही तर एमआरआय. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एमआरआय सेक्रोइलिअ‍ॅक सांध्यांचा हवा. नेहमीचा ‘कंबरेचा एमआरआय’ काढला तर त्यात हे सांधे नीट येतच नाहीत, आणि रिपोर्टमध्ये एल४-एल५ला गादी किंचित सरकल्याचं लिहून येतं. तसं ते न दुखणाऱ्या पाठीतही पुष्कळदा असतं, पण घरचे ‘गॅप आहे’ म्हणून वर्षभर त्याच्यामागे लागतात. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सहसा लागत नाही. सोबत फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका, फिल्म किंवा सीडी न्या. धावपटूंत, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांत आणि जड काम करणाऱ्यांतही या सांध्यांत थोडी सूज दिसू शकते, तेव्हा फिल्म कहाणीशी ताडून बघावी लागते. तुमचा भाऊ जड कामच करतो, म्हणून हे विशेष. सीआरपी १८ हे दाहाच्या बाजूनं मत देतं, पण ते नॉर्मल आलं असतं तरी मी आजार नाही म्हटलं नसतं. या आजारात कितीतरी जणांचा सीआरपी नॉर्मल असतो.

निदान झालं तर सुरुवात दाहशामक गोळ्यांनी होते, नेप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब वगैरे. दुखेल तेव्हा अर्धी गोळी असं न करता पूर्ण मात्रेत, रोज, दोन ते चार आठवडे. एकीनं नाही भागलं तर दुसरी. फाउंड्रीत भट्टीजवळ घाम भरपूर जातो. अंगात पाणी कमी आणि वर ही गोळी, असं झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्यामुळे पाण्याची बाटली जवळ हवी आणि रक्तदाब, क्रिएटिनिन मधून मधून बघायला हवं. दोन गोळ्या नीट देऊनही दाह राहिला तर इंजेक्शनं किंवा जॅक गटातल्या (दाहाचा संदेश पेशीच्या आत अडवणाऱ्या) गोळ्या, आणि त्याआधी क्षयरोग, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी. व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून आणि कायमचा: पाठ ताणण्याचे, छाती फुगवण्याचे, पोहणं. सूर्यनमस्कार झेपतील तसे चालतील. मणके जुळू लागले असतील तर कुस्तीची झटापट नको, कारण जुळलेला मणका साध्या पडण्यानंही मोडतो. बिडी-सिगारेट असेल तर सोडायलाच हवी, तिनं मणके जुळण्याचा वेग वाढतो. पट्टा काढून ठेवा.

डोळ्याचंही सांगून ठेवते. या आजाराच्या चारातल्या एकाला तरी कधी ना कधी डोळ्याच्या आत दाह होतो. एक डोळा लाल, आत ठणका, उजेड सहन न होणं. घरी त्याला ‘डोळे आले’ म्हणतात आणि मेडिकलमधून थेंब आणतात. तसं करू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पाठीचा आजार आहे हे त्यांना सांगा.

पांढरा रस्सा चालू द्या, तांबडाही. कुठला पदार्थ बंद केल्यानं हा आजार थांबतो असा भरवशाचा पुरावा नाही. पूर्ण मात्रेत दाहशामक गोळ्या चालू असताना झणझणीत खाऊन पित्त वाढवू नका, एवढंच.

आणि स्थळांचं. थांबवायचं कारण मला दिसत नाही, लपवायचंही कारण नाही. वेळेवर उपचार घेणारे माझे कितीतरी रुग्ण नोकरी, शेती, संसार सगळं करतात. मुलीकडच्यांना सांगताना ‘बी२७ पॉझिटिव्ह’ असले शब्द टाकून घाबरवू नका, पाठीचा दाहक संधिवात आहे आणि उपचार चालू आहेत असं साध्या भाषेत सांगा. त्यांना हवं असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं, मी अशा भेटी आनंदानं घेते. पुढे मूल झालं तर त्याला बी२७ मिळण्याची शक्यता साधारण निम्मी, आणि मिळालं तरी आजार होईलच असं नाही, म्हणून लहान मुलाचं बी२७ तपासत बसायचं नाही. फक्त भावाला सल्फासॅलॅझिन सुरू झालेलं असेल तर एक माहीत असू द्या: त्या गोळीनं पुरुषांत शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते. बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते, पण मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगून औषध बदलून घ्यावं लागतं.